तयार कपड्यांना गावबंदी

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवरच बजावलं, "मास्तर, जन्मापासून सुरू करू नका." म्हणून जन्म, शाळा, पहिली मशीन आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन हे सगळं गाळतो. जिंतूर तालुक्यातल्या एका गावात सगळा जन्म टेलरकी केली, एवढं पुरे. गावाचं नाव सांगत नाही. बोरीपासून फार लांब नाही, एवढंच समजा. मला अजून त्याच गावात राहायचं आहे.

टेलर खोटं बोलतो असा लोकांचा समज आहे. तो खरा आहे. "उद्या या" हे आमचं पेटंट वाक्य. पण त्यामागे धंद्याची एक रीत आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. ओट्यावर आलेलं कापड परत पाठवायचं नाही. हातात कितीही काम असो, घरात कोणी आजारी असो, मशीन खोलून ठेवलेली असो, कापड ठेवून घ्यायचं. एकदा परत पाठवलं की ते घर दुसऱ्या टेलरच्या ओट्यावर जातं आणि तिथंच मुरतं. त्यामुळे आम्ही सगळ्यांना हो म्हणतो आणि मग सगळ्यांना उद्या म्हणतो. गावातला दुसरा टेलर मोईनभाई. माझा दोस्त आणि माझा दुश्मन. तो "उद्या" म्हणत नाही, "इन्शाल्ला" म्हणतो. कपडे दोघांकडेही एकाच वेळी मिळतात, म्हणजे उशिरा.

दुसरी गोष्ट मापाची. पुरुष माणूस टेपसमोर उभा राहिला की श्वास ओढून पोट आत घेतो. भलेभले घेतात. त्या मापाची पँट शिवली तर ती घरी गेल्यावर लागत नाही, आणि दोष टेलरचा. म्हणून टेप कंबरेला गुंडाळला की गिऱ्हाइकाला काहीतरी विचारायचं. उत्तर द्यायला श्वास सोडावा लागतो, पोट आपल्या जागेवर येतं, आणि आपण माप धरायचं. प्रश्न मात्र असा पाहिजे, की माणसाला त्यावर तावातावानं बोलावंसं वाटलं पाहिजे. "कसं काय, बरंय का" ह्यावर लोक नुसती मान हलवतात; पोट जागचं हलत नाही. सोयाबीनच्या भावाचं विचारलं की पुरतं बाहेर येतं.

ह्या पोट बाहेर काढायच्या प्रश्नानंच पुढचा सगळा तमाशा घडवला.

आमच्या गावचा बाजार शुक्रवारचा. त्यात झरीची कांताबाई तयार कपड्यांचं दुकान मांडायची. पाल टाकायची, दोरीवर फ्रॉक, शर्ट, बरमुडे, गाऊन लटकवायची, आणि मधोमध लाकडी पेटीवर बसून गावातल्या प्रत्येक लेकराला नावानं हाक मारायची. "ये रे बाळ्या, वाढला की तू! मागच्या बारीची चड्डी आता डोक्यात घाल." लेकराचं माप ती डोळ्यानं घ्यायची, आणि सांगायला जीव जातो, पण बहुतेक बरोबर घ्यायची. एकदा मी तिच्या पालासमोरून जाताना तोंड फिरवून चाललो होतो, तर म्हणाली, "मास्तर, रागवू नका. तुमच्या 'उद्या'वर तर माझं दुकान चालायलंय."

हे वाक्य मला झोंबलं. खोटं असतं तर झोंबलं नसतं.

दरवर्षी माझ्या ओट्यावरचं काम आटत चाललं होतं. पोरांचे शर्ट गेले, मग पँटी गेल्या. राहिलं काय, तर बायकांचे ब्लाऊज आणि म्हाताऱ्यांची बंडी. मोईनभाईचं त्याहून वाईट. तेव्हा एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या कंबरेला टेप लावून मी सोयाबीनऐवजी विचारलं, "का हो, बाहेरचा तयार माल गावात येऊ द्यावा का?" माणूस उसळला. "काहून येऊ द्यावा? गावचा पैसा गावात ऱ्हायला पायजे!" पोट इतकं बाहेर आलं की मला टेप दुसऱ्या टोकानं धरावा लागला. मग मी प्रत्येकालाच विचारू लागलो. कंबरेला, छातीला, गळ्याला टेप लावून. शंभरातले शंभर माझ्या बाजूचे. माझी खात्री पटली की गाव माझ्यासाठी पेटून उठायला बसलेलं आहे, फक्त काडी लावायची खोटी.

मोईनभाईला सांगितलं तर तो काजं करता करता हसायला लागला. "मास्टर, गळ्यात टेप टाकून विचारल्यावर मानूस काय बोलनार? त्याला आपली मान सोडवायची हाय की न्हाई?"

त्याचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत उभा राहून ठराव मांडला: गावाच्या हद्दीत बाहेरगावच्या कोणी तयार कपडे विकू नयेत.

आता लोकांनी ह्या ठरावाला हात का वर केले, हे मी नंतर एकेकाच्या कंबरेला टेप लावून काढून घेतलं, म्हणून खात्रीनं सांगतो. सरपंच बाबारावांनी केला, कारण त्यांना सोयाबीनवर भाषण करायचंच होतं. ते म्हणाले, "बाहेरून तेल येतं म्हून आपल्या सोयाबीनचा भाव पडतो. सरकार ते बंद करंना. निदान आपन आपल्या गावात तरी कायतरी बंद करू!" टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर बाबाराव शेजारच्या दुकानातून स्वस्तातल्या बाहेरच्या तेलाची पिशवी घेऊन घरी गेले. किराणा दुकानदारानं हात वर केला, कारण आज कपड्यांना झालं तर उद्या किराण्यालाही होईल अशी त्याला आशा वाटली. एकाची सासुरवाडी झरीची होती आणि सासऱ्याशी वाकडं होतं. त्यानं एकूण झरी गावाविरुद्ध मत दिलं. पोरांनी हात वर केले, कारण कोणीतरी फोटो काढत होतं. बाया मागच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही. बाबाराव म्हणाले, "बायांचं हायच म्हना."

बायांमधून एकच हात स्पष्ट वर आला. गयाबाईचा.

गयाबाई आमच्याच वस्तीतली. नवरा पुण्याकडं बांधकामावर, वर्षातून दोनदा येणारा. ही दुसऱ्यांच्या रानात मजुरीला. कापूस वेचायचा, सोयाबीन काढायचं. लेक सुजाता बारावीला. शुक्रवारी आठवड्याची मजुरी हातात पडायची आणि गयाबाई रानातून थेट बाजारात यायची. ब्लाऊज माझ्याकडे, पण सुजाताचे कपडे मात्र कांताबाईकडून, हे मला माहीत होतं. तरी तिनं हात वर केला. मला भरून आलं. मला वाटलं, बघा, गरिबाला कळतं.

आजकाल पेपरात वाचतो, अमक्या देशानं तमक्या देशाच्या मालावर कर बसवला, आणि जाणकार लोक त्याची लांबलचक कारणं देतात. मला आमची ग्रामसभा आठवते. त्या देशातही कोणाचा सासरा तिकडचा असेल, कोणाला भाषण करायचं असेल, कोणाच्या गळ्यात टेप असेल.

पुढच्या शुक्रवारी कांताबाई पाल टाकायला आली तर पंचायतीच्या शिपायानं तिला ठराव दाखवला. मला भांडणाची अपेक्षा होती. मी दुकानाला अर्धं शटर लावून बसलो होतो. पण बाईनं बोचकी परत टेम्पोत टाकली, माझ्या ओट्यासमोर टेम्पो थांबवला आणि म्हणाली, "मास्तर, आता तरी कपडे टायमावर देत जा. लोकं मला शिव्या देत न्हवते, तुमाला देतील."

आणि ती गेली कुठं, तर फाट्यावर. आमचा गावरस्ता जिंतूरच्या मोठ्या रस्त्याला मिळतो तिथं. तिथं चहाचं हॉटेल आहे, एसटी थांबते, आणि गावाची हद्द त्याच्या अलीकडं संपते. बाईनं हॉटेलच्या बाजूलाच पाल ठोकलं. शुक्रवारीच नाही, रोज.

मग आमच्या गावात आहेराची साथ आली.

सुरुवात खुद्द सरपंचांनी केली. एका सकाळी बाबाराव पिशवीत पँट घेऊन आले. नवीकोरी, घडीची, खिशाला पट्टी लटकलेली. तयार पँटीचे पाय नेहमी लांब ठेवलेले असतात; कोणाचे पाय किती लांब हे कंपनीला माहीत नसतं. ते कापून खाली दुमड मारायला शेवटी गावचा टेलरच लागतो.

"पाय कमी करायचेत," बाबाराव म्हणाले.

मी पँट उलटीपालटी केली. "कुठून घेतली?"

"घेतली कुटं? आहेर हाय. जावयानं केला."

"जावई सासऱ्याला आहेर करतो?"

"आमचा लय मानतो मला."

आणि मग स्वतःच खुलासा केला, "ठरावात 'विकू नये' आसं हाय. आहेर काय विकत आसतो व्हय?"

कायदा असा आहे हे कळल्यावर गावात नातेवाइकांच्या मायेला पूर आला. ज्याचा मेहुणा सात वर्षांत फिरकला नव्हता त्याला मेहुण्यानं तीन टी-शर्ट धाडले. ज्या घरी सोयरीकही जुळली नव्हती तिथं होणाऱ्या व्याह्यांनी सफारी पाठवली. सगळ्या आहेराचे पाय लांब होते, सगळे माझ्याकडेच आले. गावात कधीच न आलेल्या पँटी मी दिवसभर कापत बसलो. मोईनभाईनं तर दुकानाबाहेर पाटीच लावली: "येथे आहेर अल्टर करून मिळेल."

कळस घरातच झाला. एक दिवस माझी बायको शांता फुलाफुलांचा नवा गाऊन घालून अंगण झाडत होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "भावानं दिला."

"तुझ्या भावानं? लग्नात मला टोपी द्यायला रडला तो?"

"मानूस बदलतंय. आन तुमाला सांगितलं तर तुमी शिवून देनार होते का? मागच्या दिवाळीचं बिलाऊज आजून तुमच्या फळीवर हाय."

मी फळीकडे बघितलं. होतं.

आता मुद्द्याचं. चौदा एप्रिलची जयंती आमच्या वस्तीत कशी होते हे परभणी जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. पांढरे कपडे, निळे झेंडे, मिरवणूक. त्या वर्षी सुजातानं ठरवलं की पोरींचं लेझीम पथक काढायचं, आणि ते मिरवणुकीच्या पुढं चालवायचं. आजवर पोरी मागं, आयांच्या सोबत चालायच्या. पुढं डीजे आणि त्याच्यापुढं पोरं. जयंती मंडळाच्या पोरांनी बरीच खळखळ केली आणि शेवटी अट घातली, "समद्या पोरी एका गणवेशात आसल्या तर पथक पुढं. न्हाईतर डीजे पुढं आन तुमी मागं."

अट का घातली हे उघड होतं. गणवेश शिवायचा म्हणजे माझ्याकडे किंवा मोईनभाईकडे, आणि आमच्याकडून काही वेळेवर होत नाही ह्यावर पोरांचा पूर्ण विश्वास होता.

सुजाता पांढऱ्या कापडाचा तागा घेऊन माझ्या ओट्यावर आली. सोबत गयाबाई. "मास्तर, हुईल ना?" गयाबाईनं विचारलं. "लेकरं म्हैन्याभरापासून सराव करायलेत. माही सुजा पुढं हाय समद्यांच्या."

आता ही लगीनसराई. फळीवर नवऱ्यांच्या सफाऱ्या, नवऱ्यांच्या बापांच्या सफाऱ्या, करवल्यांची ब्लाऊजं, आणि वर आहेराचा ढीग. मला स्वच्छ दिसत होतं की होणार नाही. पण आलेलं कापड परत पाठवायचं नसतं. तागा ठेवून घेतला आणि म्हणालो, "होईल."

सुजातानं माझ्याकडे असं बघितलं, की तिला 'उद्या'ची सगळी व्याकरणं पाठ असावीत. "मास्तर, खरंच?"

"खरंच."

मोईनभाईकडे अर्धा तागा नेला तर तो म्हणाला, "इन्शाल्ला." तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं.

जयंती चार दिवसांवर आली तेव्हा माझ्याकडे कॉलर नसलेला एक कुर्ता आणि मोईनभाईकडे कुर्ता नसलेल्या नऊ कॉलर तयार होत्या. जिंतूरच्या टेलरांना विचारून बघितलं. त्यांच्या फळ्या आमच्याहून गच्च. कुर्त्यात वेळ कशात जातो ते सांगतो. बाजूच्या शिवणी म्हणजे दोन सरळ धावा, मिनिटांचं काम. वेळ खाते ती कॉलर, पुढची पट्टी, काजं, बटणं, बाह्यांची बसवणी. मोईनभाई म्हणाला, "मास्टर, कोनी नुसतं कॉलर-पट्टी-बाही लावून दिलं तर बाकीचं आपन झपाझप मारू." मी म्हणालो, "त्याला तयार कुर्ता म्हणतात." दोघांच्याही डोळ्यांसमोर फाटाच आला होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी सकाळीच फाट्यावर गेलो. आयुष्यात कधी इतक्या हळू चाललो नसेन. कांताबाई पेटीवर बसून चहा पीत होती. मी सगळं सांगितलं. ती हसेल, टोमणे मारेल, अशी मनाची तयारी केली होती. ती हसली नाही. विचारलं, "सुजाताच्या पथकाला? गयाबाईच्या?"

"हो."

"ती पोर पाचवीत होती तवापासून तिचे कपडे माझ्याकडून हायेत. सांगा, पांढरं काय पायजे?"

पोरींच्या मापाचे पांढरे कुर्ते इतके एकदम कुठून येणार? पण बाईच्या परभणीच्या व्यापाऱ्याकडे निवडणुकीसाठी बनवलेला माल पडून होता. पुढाऱ्यांचे आणि त्यांच्यामागून फिरणाऱ्यांचे पांढरेशुभ्र कुर्ते. दुपारी टेम्पो आला. मी एक उघडून बघितला आणि खाली बसलो. सत्तेत गेल्यावर जेवढं वाढेल तेवढं पोट धरून कापलेला माल होता तो. एकात दोन पोरी मावून वर लेझीम खेळायला जागा उरली असती.

"कॉलर, काजं, बटणं समदं हाय," कांताबाई म्हणाली. "घेर तेवढा तुमी बघा. मास्तर हाव ना तुमी?"

"गावात पोचवशील का?"

तेव्हा मात्र बाई हसली. "मी? माझ्यावर ठराव हाय. तुमी न्या. पन आहेर म्हून पिशवीत लपवून न्ह्यायचं न्हाई. गठुडं डोक्यावर घ्यायचं, आन भर बाजारातून चालत जायचं. तरच देते."

शुक्रवार होता. बाजार भरलेला होता. वयाची पासष्टी उलटलेला मी, डोक्यावर पांढऱ्या कुर्त्यांचं गाठोडं, मागं मोईनभाई दुसरं गाठोडं घेऊन "मास्टर, जरा आहिस्ता, मान गेली माझी" करत, असे आम्ही वेशीतून आत शिरलो.

पुढं जे झालं त्याचा अर्थ लावायला मला बरेच दिवस लागले. महिनोन्‌महिने चोरून फाट्यावरचा माल अंगावर घालून फिरणारं गाव माझ्यावर खवळलं. कोथिंबीर विकत घेणारा कोथिंबीर टाकून धावला. किराणावाला ओरडला, "मास्तर, तुमीच? तुमी सोता?" ज्यांच्या अंगावर मेहुण्याचे टी-शर्ट होते तेच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते. बाबाराव पुढं आले. कमी केलेल्या पायांची तीच पँट घालून.

"मास्तर, ठराव कोनाचा?"

"माझा."

"मंग हे काय?"

मी त्यांच्या पँटीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. पण मागं हटले नाहीत. म्हणाले, "आमी आनलं ते घरचं हाय. घरात कोन काय घालतं त्याला कोन बगतंय? मिरवनूक गावाची आसती. उद्या बोरीचे, झरीचे लोकं येतील. गावच्या पोरी झरीच्या मालात नाचायल्या म्हनतील. ठरावाचा काय मान ऱ्हायला?"

मागून मंडळाची पोरं म्हणाली, "चला, गनवेश रद्द. डीजे पुढं."

माझ्या डोक्यावरचं गाठोडं एकाएकी फार जड झालं. सुजाता गर्दीत उभी होती. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती, आणि मला ते सहन होईना. मी शब्द दिला होता आणि आता मीच केलेला ठराव आडवा आला होता. बोलायला तोंड उघडलं, पण 'उद्या'शिवाय दुसरा शब्द सुचेना.

तेवढ्यात गयाबाई रानातून आली. कमरेला विळा, हातात मजुरीचा रुमाल. तिनं काय झालं ते विचारलं, माझ्या डोक्यावरचं गाठोडं उतरवलं, सोडलं, आणि वरचा कुर्ता झटकून सगळ्यांसमोर धरला. धरला म्हणजे काय, पांघरुणासारखा पसरला.

"ह्याला कपडा म्हन्तात व्हय?" ती म्हणाली. "हे कोनाच्या आंगात बसतंय? सरपंच, तुमी तरी घालून दाखवा. ह्यो नुसता कच्चा माल हाय. ह्याचे कुर्ते मास्तर करनार हायेत."

बाबारावांनी कुर्त्याचा घेर हातानं मोजला. स्वतःच्या पोटाशीही धरून बघितला, आणि त्यांनाही तो सैल होता, हे सगळ्यांनी पाहिलं.

"कच्चा माल आसंल," ते शेवटी म्हणाले, "तर ठरावात बसतंय."

गर्दी पांगली. किराणावाला परत जाताना सगळ्यांना समजावून सांगत होता, की कच्चा माल वेगळा आणि तयार माल वेगळा, हे आधीच ध्यानात यायला पाहिजे होतं.

त्यानंतर मी आणि मोईनभाईनं जे काम केलं तसं पुन्हा होणार नाही. कुर्ते उलटे केले, पोरींना ओळीनं उभं केलं, खांदे उतरवले, मुंढे आत घेतले, बाजूला टाचण्या मारल्या आणि धावा मारत सुटलो. पुढाऱ्यांच्या पोटातून निघालेल्या कापडाच्या लांब पट्ट्या दुकानभर पडल्या. शांतानं त्या पट्ट्यांतून पोरींच्या वेण्यांना पांढऱ्या रिबिनी केल्या. फळीवरच्या नवरदेवांना मी उद्या म्हणालो. मोईनभाईनं चहाही उभ्यानं घेतला. पथक वेळेवर तयार झालं. टेलरकीच्या सबंध जन्मात 'खरंच' म्हणून खरं केलेलं ते एक काम.

मिरवणुकीत पोरी पुढं होत्या. सुजाता सगळ्यांच्या पुढं. लेझीम खाली येताना त्या वाकल्या की पांढऱ्या कुर्त्यांची ओळ एकदम वाकायची, आणि एकाही कुर्त्याची शिवण उसवली नाही. डीजे मागं होता. गयाबाई रस्त्याच्या कडेला उभी राहून ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्यांना सांगत होती, "मास्तरनं शिवलेत. समदे मास्तरनं." कांताबाई गर्दीत होती. तिनं माझ्याकडे बघून नुसते डोळे मिटले आणि उघडले. मी पागोट्याखाली घाम पुसला.

पुढच्याच शुक्रवारी मला एक दिसलं. संध्याकाळी गयाबाई मजुरी घेऊन बाजारात आली आणि जिथं कांताबाईचं पाल असायचं तिथं थोडी थांबली. मग बांगडीवालीकडे गेली, तिथून शेवभजी घेतली, आणि परत निघाली. मी विचारलं, "काय घ्यायचं होतं?"

"सुजाला कॉलेजात जायला डरेस पायजे. पन फाट्यावर बाई दिवस मावळायच्या आत पाल काढती. तवर आमी रानात."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्याच्या दाराशी मोटरसायकल त्याला फाटा म्हणजे फेरफटका. जावई, मेहुणे, व्याही, सगळे त्यांनाच. बंदी कोणाला लागली असेल, तर संध्याकाळी हातात मजुरी घेऊन बाजारात येणाऱ्या बायांना. त्यांच्या घरी आहेर येत नाही.

एक मेच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, माझा ठराव चुकला, बंदी उठवा.

मला वाटलं होतं की टाळ्या पडतील. सगळं गाव फाट्यावरूनच कपडे आणत होतं, मग विरोध कोण करणार? सगळ्यांनी केला. बाबाराव म्हणाले, "आता काहून उठवायची? चांगलं नाव झालंय. दुसऱ्या गावचे लोकं इचारायलेत, तुमच्याकडं बंदी हाय म्हनं." फाट्यावरच्या हॉटेलवाल्याचा भाऊ म्हणाला, स्वावलंबन टिकलं पाहिजे. चार बाया म्हणाल्या, फाट्यापर्यंत चालल्यानं साखर कमी झाली. मोईनभाई माझ्या कानात म्हणाला, "मास्टर, अल्टरच्या कामावर लाथ मारू नका," आणि दुसरीकडं बघायला लागला. वर खुद्द कांताबाईचा निरोप आला होता, तो शिपायानं वाचून दाखवल्यासारखा सांगितला: "बाई म्हन्ली, बंदी उठवू नका. उठली तर बाजारात दुसरे धा दुकानं येतील. फाट्यावर ती एकटीच हाय."

मतदान झालं. बंदी उठवायच्या बाजूनं माझा हात. एकट्याचा. मग बाबारावांनी विचारलं, कायम ठेवायच्या बाजूनं कोण? सगळी सभा. आणि बायांच्या ओळीत, सगळ्यात पुढं, दोन्ही हात वर करून, गयाबाई.

सभा सुटल्यावर मी तिला गाठलं. खरं तर मला राग आला होता. "अगं, मी तुझ्यासाठी बोलत होतो. आणि तूच?"

गयाबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मास्तर, मला कळत न्हाई व्हय? बाहेरच्या कपड्यावाल्यांनी तुमाला दम देला आसंल, म्हून तुमी तसं बोलले. तुमी घाबरू नका. तुमचं दुकान बंद पडू देनार न्हाई आमी. माही पोर तुमच्या कुर्त्यात पुढं नाचली."

"आणि सुजाताचा ड्रेस?"

"आनीन की फाट्यावरून. एक रोज बुडंल. त्याला काय व्हतंय?"

एवढं म्हणून, पदर खोचून, ती घाईनं निघाली. रानात वखराची पाळी चालू होती, मागं धसकटं वेचायची होती. मी पंचायतीच्या पायरीवर बसून राहिलो. लाज वाटत होती. आणि माझ्यासाठी कोणीतरी दोन्ही हात वर केले म्हणून, खोटं कशाला बोलू, आतून गोडही वाटत होतं.